ठरलेला वार, ठरलेले घर आणि हातातला फोन

वाचकहो, एरवी मी लिहितो ते कांद्यावरचा करपा, उसातली हुमणी आणि गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या यांवर. आजचा विषय जरा वेगळा आहे. लकवा मारलेला, मांडीचे हाड मोडलेला किंवा कुट्टी यंत्रात हात गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचे पुढे काय होते, हा तो विषय. कोणी म्हणेल, हे शेती खात्याच्या माणसाचे काम नव्हे. पण ज्या घरातला धार काढणारा हात बसतो, त्या घराची शेतीही हळूहळू बसते, आणि बांधावर फिरणाऱ्याला ते लवकर दिसते. म्हणून हे लिहितो आहे.

तात्यांचा हात

माझे चुलते संगमनेरच्या पठार भागात वस्तीवर राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. साडेतीन एकर रान, एक विहीर आणि चार गाई. एका पहाटे धार काढताना त्यांच्या हातातली बादली सुटली. तोंड वाकडे झाले, उजवी बाजू गेली. अकरा दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, हे मोठेच झाले. घरी येताना जो कागद मिळाला त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’. कुठे, कोणाकडून, कशी, याबद्दल चकार शब्द नाही.

फिजिओथेरपीचा दवाखाना तालुक्याला, वस्तीपासून चौतीस किलोमीटरवर. एसटी फाट्यापर्यंत येते, फाटा वस्तीपासून दीड किलोमीटर. तात्यांना खाटेवरून उचलायलाच दोन माणसे लागायची. भाड्याची गाडी एका खेपेला १,२०० रुपये घेई. आठवड्याला तीन खेपा धरा, म्हणजे ३,६०० रुपये. दुधाचा पगार आला की पेंडीचे पैसे वजा जाऊन किती उरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाच खेपा झाल्या आणि थांबल्या. मला कळले तोवर तीन आठवडे नुसते खाटेवर गेले होते.

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. तेव्हाचे पाणी चुकले तर पुढच्या पाळ्यांनी ती कसर पुरती भरून निघत नाही. लकव्याचेही काहीसे तसेच आहे. शरीर सावरण्याचा वेग पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो. नंतर काहीच होत नाही असे मुळीच नाही, व्यायामाचा उपयोग पुढेही होतो. पण जे दिवस पाणी द्यायचे, तेच आपल्याकडे कोरडे जातात.

अकरा व्हिडिओ आणि एक खिसा

तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना मी फोन केला. बाई भल्या. त्यांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअपवर व्यायामाचे अकरा व्हिडिओ पाठवले. आम्हाला वाटले, काम झाले.

पंधरा दिवसांनी वस्तीवर गेलो. काकूला विचारले, “व्हिडिओ बघून व्यायाम करून घेता ना?” काकू म्हणाली, “आरं, तो मोठा फोन पोराच्या खिशात. पोरगा दिवसभर दूध संकलनावर. रातच्याला लाईट आली की मोटरीवर. माझ्याकडं हा बटनाचा डबा. ह्याच्यात कुठं दिसायचा व्यायाम?”

अकरा व्हिडिओ पोराच्या खिशात आणि व्यायाम करणारा माणूस खाटेवर, असा तो हिशोब होता. आपल्याकडे घरात फोन चार असतील, पण मोठ्या पडद्याचा एखादा, तोही घराबाहेर हिंडणाऱ्याकडे. मोटरीची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की सांभाळणारा माणूस रानात जागतो आणि दिवसा पेंगतो. व्यायामाचे वेळापत्रक करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर ते वेळापत्रक कागदावरच राहते.

त्या दिवशी पोराचा फोन मागून घेतला आणि व्हिडिओ एकेक करून लावला. तात्यांनी चार बघितले आणि तोंड फिरवले. अकरा व्यायाम एकदम दाखवले तर धडधाकट माणूससुद्धा घाबरेल.

एक व्हिडिओ उलटा गेला

निघताना मला सुचले म्हणून काकू तात्यांना खाटेवरून कसे उठवते, त्याचे मी अर्ध्या मिनिटाचे चित्रण केले आणि मॅडमना पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. “थांबा, थांबा. त्या लुळ्या हाताला धरून ओढताहेत. खांदा निखळेल. हात धरून उठवायचे नाही, बगलेत हात घालूनही नाही. कंबरेला धरा, पाय आधी खाली टेकवा, पुढे झुकू द्या, मग उठवा.”

काकू दीड महिना रोज चार वेळा त्यांना तसे उठवत होती. प्रेमाने, जिवाच्या आकांताने उठवत होती. तात्यांचा खांदा रात्री ठणकायचा, तो याच कारणाने. ते कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते, कारण ते कोणी बघितलेच नव्हते.

वाचकहो, माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीत आहे. फोनवरून व्यायाम घरी पाठवता येतो, तेवढ्याने भागत नाही. फोनचा मोठा उपयोग उलट्या दिशेने आहे. खाट किती उंच, उंबरा किती मोठा, संडासला जायची वाट कशी, उठवणारा माणूस कसा उठवतो, हे चौतीस किलोमीटरवर बसलेल्या जाणकाराला दाखवता येते. तपासणीच्या टेबलावर यातले काहीच दिसत नाही.

जुन्या पद्धतीतले शहाणपण

आमच्या खात्यातली जुनी माणसे ‘भेट व प्रशिक्षण’ योजनेच्या गोष्टी सांगतात. ऐंशीच्या दशकात ती आपल्या राज्यात जोरात होती. विस्तार कार्यकर्त्याचा वार ठरलेला, गाव ठरलेले. पंधरवड्याला स्वतः प्रशिक्षण घ्यायचे आणि थोडेच पण नेमके निरोप घेऊन संपर्क शेतकऱ्याकडे जायचे. त्या योजनेत दोष होते आणि ती पुढे मागे पडली. पण ‘आज गुरुवार, साहेब येणार’ हे गावाला माहीत असायचे. तो येणार म्हणून मागच्या खेपेचे सांगितलेले काम लोक करून ठेवायचे.

तीच रीत आम्ही तात्यांना लावली. मॅडमना विनंती केली की अकरा नको, आठवड्याला एकच व्यायाम द्या. वार गुरुवार, वेळ संध्याकाळी पाच. शेजारच्या वस्तीवरची एक सून बचत गटाचे हिशोब ठेवते. बारावी शिकलेली, फोन स्वतःचा. ती दर गुरुवारी यायची, व्हिडिओ कॉल लावायची, फोन धरायची. तात्यांनी व्यायाम करून दाखवायचा, मॅडमनी चूक सांगायची आणि मगच पुढचा व्यायाम. दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघ मारली होती. हात किती वर गेला ते तिथे कळायचे. मधल्या सहा दिवसांत काकूने वहीत रोज काट्या मारायच्या.

मॅडमनी एकदा विचारले, “तात्या दिवसभर काय करायचे?” आम्ही सांगितले, धारा काढायचे. मग व्यायामही तसाच झाला. रबरी हातमोज्यात पाणी भरायचे, बोटाला बारीक भोक पाडायचे आणि तो दावणीला टांगून धार काढायचा सराव करायचा. जे काम माणसाला करायचे आहे त्याचाच सराव द्यावा, हे त्यांच्या शास्त्रातले तत्त्व. नुसती मूठ उघडा-मिटा म्हटले की चिडणारे तात्या मोज्याची धार अर्धा अर्धा तास काढत बसायचे.

फोनला दिसत नाही ते

पण फोनवर फार भिस्त ठेवणाऱ्यांना माझी एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने पिवळ्या पडलेल्या उसाचा फोटो पाठवला. मी पान बघून सांगितले, केवडा आहे, लोह कमी पडले, फेरस सल्फेट फवारा. आठवड्याने शेतात गेलो, ठोंब हाताने ओढला तर अलगद हातात आला. मुळे हुमणीने खाल्ली होती. फोटोत पान होते, मूळ नव्हते. त्या आठवड्यात अळीने आणखी दोन सरी खाल्ल्या. शेतकऱ्याने मला एका शब्दाने बोलले नाही, ते जास्त लागले.

माणसाच्या शरीराचे याहून कठीण. पहिली तपासणी समोरासमोरच झाली पाहिजे. व्यायाम करताना छातीत दुखले, दम लागला, पुन्हा बोलणे अडखळले, नवीन ठिकाणी बळ गेले, पोटरी सुजून दुखू लागली किंवा माणूस पडला, तर व्हिडिओ कॉलची वाट बघू नका, दवाखाना गाठा. आणि यूट्यूबवर दिसेल तो व्यायाम दुसऱ्याचा असतो. शेजाऱ्याचे औषध आपल्या पिकाला मारण्यासारखेच ते आहे.

अभ्यास काय सांगतात

हे सगळे माझ्या चुलत्यांपुरते आहे, असे म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, जगात सुमारे २४० कोटी लोक अशा आजारांत किंवा दुखापतींत आहेत की ज्यांना पुनर्वसन उपचारांचा फायदा होऊ शकतो.

चेन्नईत सुरेशकुमार कमलकन्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी ‘केअर फॉर स्ट्रोक’ नावाचा स्मार्टफोनवरचा कार्यक्रम तयार करून तपासला. २०१६ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या फेरीत अडचणी निघाल्या त्या जोडणीच्या, व्हिडिओ अडकण्याच्या आणि चित्र स्पष्ट न दिसण्याच्या. त्या दुरुस्त करून मग पुढची फेरी घेतली. नवीन वाणाची आधी प्रक्षेत्रावर चाचणी घ्यावी, तसेच हे.

दुसरा अभ्यास मात्र आपल्याला जमिनीवर आणणारा आहे. ‘अटेंड’ नावाची मोठी चाचणी देशातल्या १४ रुग्णालयांत झाली. पक्षाघाताचे १,२५० रुग्ण होते. अर्ध्यांच्या घरच्यांना रुग्णालयातच व्यायाम शिकवले आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी पाठपुरावा केला. निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के.

हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मग हे सगळे सोडून द्यायचे का? मला तसे वाटत नाही. त्यातून मी घेतो तो धडा असा की, घरच्यांना चार गोष्टी शिकवल्या आणि त्यांच्या गळ्यात जबाबदारी टाकली, एवढ्याने काम होत नाही. घरच्या माणसाला आधीच गोठा आहे, रान आहे, चूल आहे. उद्या कोणी म्हणाले की गावोगाव एक ॲप दिले म्हणजे फिजिओथेरपिस्टची गरज संपली, तर त्याला हा आकडा दाखवा. फोन हे जाणकार माणसाचे अवजार आहे. जाणकाराच्या जागी तो बसवला तर हुमणी दिसायची नाही.

जामखेडने दाखवलेली वाट

मग मधला माणूस कोण? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने पन्नास वर्षांपूर्वी दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. या बायांनी गावातली बाळंतपणे, बाळांची वजने, कुष्ठरोग, क्षयरोग यांची कामे अंगावर घेतली. त्याच प्रकल्पात कृत्रिम पाय बसवण्याचेही काम झाले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

अक्षरओळख नसलेली बाई जर गावाचे आरोग्य सांभाळू शकली, तर हातात फोन असलेली बारावी शिकलेली सून दर गुरुवारी एका खाटेजवळ बसू शकणार नाही का? आमच्या तात्यांच्या बाबतीत ती बसली. काकू तिला त्या दिवशी एक लिटर दूध द्यायची. पण असे काम दुधावर किती दिवस चालवायचे? ते मानधनाचेच काम आहे.

काय करता येईल

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तालुके चौदा. अकोल्याच्या डांगाणातून नगर शंभर किलोमीटरहून लांब. पण साधने अगदीच नाहीत असे नाही. लोणीला प्रवरा संस्थेचे आणि नगरजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. गावोगाव आयुष्मान आरोग्य मंदिरे आहेत, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. तिथून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो. सगळे मोती आहेत, दोरा ओवायचा राहिला आहे.

माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते असे.

पहिले, दवाखान्यातून सोडताना सांभाळणाऱ्या माणसाकडून रुग्णाला उठवून, बसवून घ्यावे. चुकले तर तिथेच सुधारावे आणि बरोबर केलेल्याचे चित्रण त्याच्याच घरच्या फोनवर द्यावे. परक्या माणसाच्या व्हिडिओपेक्षा स्वतःचा व्हिडिओ लवकर कळतो.

दुसरे, आरोग्य मंदिरात आठवड्याचा एक वार पुनर्वसनाचा ठरवावा. त्या दिवशी महाविद्यालयातले शिक्षक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी फोनच्या पलीकडे बसावेत, आणि काही आठवड्यांनी एकदा प्रत्यक्ष यावेत.

तिसरे, फोन घेऊन घरी जाणारी व्यक्ती गावातलीच असावी आणि तिला मोबदला मिळावा. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा भारा आहे, त्यावर आणखी एक पेंढी फुकट ठेवू नये.

चौथे, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा तो कशावर खर्च झाला? त्यातून धरून चालायचे लोखंडी कठडे, वॉकर, कमोडची खुर्ची आणि गावासाठी एखादा मोठ्या पडद्याचा फोन घेता येईल का, हेही विचारा. तात्यांसारख्यांनी दिव्यांग प्रमाणपत्राचीही चौकशी करून ठेवावी.

पाचवे, जिथे रेंज नाही तिथे व्हिडिओ कॉलचा हट्ट नको. घरी चित्रण करावे आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये गेल्यावर पाठवावे. जाणकाराचा निरोप साध्या फोनवर बोलूनही देता येतो. किसान कॉल सेंटर २००४ पासून बटनाच्या फोनवर चालत आलेच ना!

तात्या आज

शेवटी तात्यांचे सांगतो, कारण चांगलेच तेवढे सांगणे खरे नव्हे. आज ते काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. विहिरीपर्यंत जात नाहीत. उजव्या हाताने सदऱ्याचे बटण लागत नाही. चारांतल्या दोन गाई विकाव्या लागल्या, त्या तीन कोरड्या आठवड्यांची आणि गाडीभाड्याची ती किंमत, असे मी मनात धरून आहे. गुरुवारचा कॉल आता महिन्यातून एकदा होतो.

मागच्या महिन्यात वस्तीवर गेलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. गोठ्यात बल्ब होता. तात्या पाटावर बसले होते, डावा हात भरभर चालत होता, उजवा आपला सावकाश सोबत करत होता. काकू शेजारी बादली धरून उभी. मला बघून तात्या म्हणाले, “फोन काढू नको. आज कोणाला दाखवायचं नाही. बस, च्या घे.”

मी फोन खिशातच ठेवला. पण वाचकहो, तुमच्या वस्तीवर, तुमच्या आळीत अशी एखादी खाट असेल, तर या गुरुवारी तिथे जा. तुमचा फोन घेऊन जा.